दोन पगार खाणाऱ्याचा हिशेब

कुठल्याही सरकारी कचेरीत जा. दारातल्या स्टुलावर नाहीतर कोपऱ्यातल्या टेबलावर एक माणूस बसलेला असतो. केस बारीक कापलेले, बुटाला पॉलिश, साहेबाच्या आधी हजर. माजी सैनिक. त्याची पाठ वळली की कचेरीत एकच वाक्य फिरतं : ‘दोन दोन पगार खातोय.’ एक फौजेची पेन्शन आणि एक इथला पगार. तो आपल्या वस्तीतला असला तर त्याला शेपूट जोडलं जातं, ‘वर सवलत हायेच की.’

हे कचेरीतला बामण-मराठा क्लार्क बोलला तर मला नवल वाटत नाही. त्याच्या बापजाद्यांनी हेच केलं. आपल्या ताटातलं मोजायचं नाही, दुसऱ्याच्या ताटातलं शीत न् शीत मोजायचं. पण अलीकडं हे वाक्य मी आपल्याच पोरांच्या तोंडून ऐकतोय. अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घोटणारी पोरं, गळ्यात निळा रुमाल, भाषणात फुले-आंबेडकर, आणि चहाच्या टपरीवर म्हणतात, ‘ह्या रिटायर फौजींनी आमच्या जागा खाल्ल्या.’ म्हणून दोस्तांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. गोड लागणार नाही.

आधी सरळ गोष्ट. जवान साठाव्या वर्षी रिटायर होत नाही. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पंधरा-सतरा वर्षं काढून पस्तीस-अडतीसला घरी येतो. पंधरा वर्षं भरली की पेन्शनला लायक. त्या वयात त्याची पोरं शाळेत असतात, बहीण लग्नाची असते, म्हातारी खाटेवर असते. फौजेला तरणी पोरं पाहिजेत म्हणून फौज त्याला लवकर सोडते. त्यानं मागितलं म्हणून सोडत नाही. सरकारनं स्वतःच्या गरजेपोटी त्याची कमाईची वीस-बावीस वर्षं तोडली. ती तोडल्याची भरपाई ही पेन्शन आहे. पुढं तो कुठं नोकरी करतो, करतो का नाही, ह्याच्याशी त्या भरपाईचा काय संबंध?

पेन्शन म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या कामाचाच तो मागं ठेवलेला मोबदला आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १७ डिसेंबर १९८२ ला डी. एस. नकारांच्या खटल्यात सांगितलं. पेन्शनर लोक अजून तो दिवस साजरा करतात. पण कोर्टानं सांगून कचेरीतल्या माणसाचं तोंड बंद होत नाही. त्याच्या डोक्यात पेन्शन म्हंजे बलुतं. गावानं टाकलेली भाकर. एक भाकर मिळाली ना, मग दुसऱ्या दाराशी कशाला उभा राहतो, हा त्याचा सवाल. सवाल जुनाच आहे, फक्त आता तो फायलीवर लिहिला जातो.

आता तुम्हाला एका माणसाची आठवण देतो, ज्यानं ‘दोन पगार खाल्ले’. रामजी सुभेदार. १८९४ च्या सुमारास फौजेतून निवृत्त झाले. पेन्शन होती. घर मोठं. मग साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपर झाले. पुढं खटाव तालुक्यात दुष्काळी लोकांना काम देण्यासाठी तळं खोदायचं सरकारी काम निघालं, तिथं खजिनदार. मसूर स्टेशनावर ज्या पोरांना गाडीवाले गाडीत घेईनात, ती पोरं ह्याच नोकरीवरच्या बापाकडं निघालेली होती. १९०१ ची ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलीय. तुम्ही ती विटाळासाठी वाचता, वाचायलाच पाहिजे. पण त्या घरातला पैसा कुठून येत होता तेही वाचा. फौजेची पेन्शन आणि सरकारी नोकरी, ह्या दोन पायांवर ते घर उभं होतं. त्या घरातून कोण निघालं ते मी सांगायला नको.

त्याच्याही आधी गोपाळबाबा वलंगकर. १८८६ ला फौजेतून निवृत्त झालेले. पेन्शनीवर बसून विड्या ओढल्या नाहीत त्यांनी, लेखणी धरली. १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ चा अर्ज त्यांनीच तयार केला. पुढं १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडं अर्ज केला. हे लोक भरतीसाठी एवढे का झगडत होते? बंदूक मिरवायला? भरती बंद म्हंजे वस्तीत येणारी रोकड बंद, पलटणीतली शाळा बंद, गावकीतून सुटायची वाट बंद. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडली. गरज सरो वैद्य मरो. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांनी सरकारचा पिच्छा पुरवला म्हणून. दर १ जानेवारीला तुम्ही भीमा कोरेगावला स्तंभापुढं मानवंदना देता. द्या. पण दगडावर कोरलेल्या शिपायाला सलाम आणि स्टुलावर बसलेल्या शिपायाला टोमणा, हा कुठला हिशेब?

आता नियमांकडं वळू. कंटाळू नका. ज्या समाजाला नियम वाचता येत नाहीत त्याला नियमानंच मारतात.

माजी सैनिक केंद्र सरकारच्या नोकरीत लागला की त्याचा पगार ठरवताना पेन्शन मधे आणायची, ही जुनी रीत. पगार आणि पेन्शन मिळून फौजेतल्या शेवटच्या पगाराच्या वर जाता कामा नये, असा तो खाक्या. त्यातली थोडी पेन्शन हिशेबाबाहेर सोडायचे. १९६४ पासून पन्नास रुपये सोडले. १९७८ पासून सव्वाशे. म्हंजे माणूस नवं काम नव्यानं करणार, पण त्याची मजुरी त्याच्या जुन्या कामाच्या कमाईवरून ठरणार. १९६२, ६५, ७१ च्या लढाया लढून आलेले जवान ह्याच खाक्याखाली कचेरीत पाणी वाटत होते. २५ जानेवारी १९८३ पासून अधिकारी सोडून बाकीच्या जवानांची सगळी पेन्शन हिशेबाबाहेर ठेवायचं ठरलं. १९८६ ला पुनर्नियुक्त पेन्शनरांच्या पगाराचे सबंध आदेशच नव्यानं निघाले. अधिकाऱ्यांची थोडीच पेन्शन सोडतात. तेव्हा पाचशे रुपये, सातव्या वेतन आयोगानंतर पंधरा हजार. त्यावरची रक्कम पगार ठरवताना वजा होते.

मग जवानाचं भलं झालं म्हणायचं का? थांबा. पेन्शन सोडली, पण पगार त्या पदाच्या अगदी तळाला बांधला. फौजेतली सतरा वर्षं पगाराच्या हिशेबात शून्य. अडतीस वर्षांचा हवालदार आणि काल बारावी झालेलं पोरगं एकाच पायरीवर. ज्यानं तीस-तीस माणसं सांभाळली त्याला ते पोरगं चार वर्षांनी हुकूम सोडणार. सरकार एका हातानं पेन्शन सोडतं आणि दुसऱ्या हातानं नोकरीची वर्षं पुसतं. पुसलेलं कुणाला दिसत नाही. दिसते ती पेन्शन.

महागाईचंही तसंच. पुन्हा नोकरीला लागलेल्याच्या पेन्शनवरची महागाई वाढ बंद असायची. ‘पगारावर भत्ता मिळतो ना, मग पेन्शनवर कशाला?’ १९९४ ला सुप्रीम कोर्टानंही वासुदेवन पिल्ले खटल्यात सरकारचंच म्हणणं उचलून धरलं. पाचव्या वेतन आयोगानंतर दार थोडं उघडलं. ज्याची सगळी पेन्शन हिशेबाबाहेर आहे आणि ज्याचा पगार तळाला बांधलाय, त्याला १८ जुलै १९९७ पासून महागाई वाढ मिळू लागली. पण कचेरीनं तसा दाखला दिला तर. तळाला बांधल्याचं दुःख माणसानं भोगायचं, आणि तळाला बांधलं हे लिहून देणारा कागद मिळवायला त्याच साहेबाच्या टेबलापुढं उभं राहायचं.

तिसरा नियम आणखी मजेचा. १९७२ च्या पेन्शन नियमांत एकोणिसावा नियम होता. त्यात माजी सैनिकापुढं दोन वाटा. एक, फौजेची पेन्शन घेत राहा, मग फौजेतली वर्षं इथल्या पेन्शनला धरणार नाही. दोन, फौजेची पेन्शन सोड, आजवर घेतलेली सगळी पेन्शन आणि ग्रॅच्युइटी परत कर, मग वर्षं धरतो. त्या काळी पुरी पेन्शन तेहतीस वर्षांच्या नोकरीला मिळायची. अडतिसाव्या वर्षी लागलेला माणूस तेहतीस वर्षं आणणार कुठून? म्हंजे त्याला फौजेची वर्षं जोडायला हवीत. आणि जोडायला पैसे परत करायला हवेत. खाऊन बसलेली पेन्शन जवान परत कशी करणार? पोराच्या पोटातून काढणार? नेमणुकीच्या आदेशाबरोबर कचेरीनं हा पर्याय लेखी विचारायचा, असंही नियमात होतं. आणि मुदतीत काही कळवलं नाही तर? पहिली वाट आपोआप मान्य केली असं धरायचं. गप्प बसलेल्या माणसाची सही सरकारनं स्वतःच करून टाकली.

आता माझ्या घरातलं सांगतो. रडगाणं म्हणून नव्हे, नियम अंगावर कसा चालतो ते दिसावं म्हणून.

माझा बाप १९६१ ला भरती झाला. १९७७ ला नाईक म्हणून पेन्शन घेऊन आला. १९७९ ला केंद्र सरकारच्या एका कचेरीत शिपाई लागला, माजी सैनिकांच्या कोट्यातून. त्याच्या कागदावर धर्म बौद्ध होता. आजच्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो, १९५६ ला दीक्षा घेतलेल्यांना महाराष्ट्र सरकारनं सवलती चालू ठेवल्या, पण केंद्रात बौद्धांना अनुसूचित जाती म्हणून धरायला १९९० साल उजाडावं लागलं. म्हंजे माझा बाप जातीच्या सवलतीतून लागलाच नव्हता, लागूच शकत नव्हता. तरी पंधरा वर्षं कचेरी त्याला ‘सवलतवाला’ म्हणाली. आणि दोन पगार खाणारा म्हणाली. बाप बोलायचा नाही. घरी आला की बूट काढायचा, पुसायचा, जागेवर ठेवायचा.

१९९४ ला तो नोकरीत असतानाच गेला. सोळा वर्षं फौज, पंधरा वर्षं कचेरी. दोन ठिकाणी राबला, दोन ठिकाणी हाडं झिजवली. आय अर्ज घेऊन गेली तेव्हा तिला सांगितलं, कुटुंब पेन्शन एकच मिळते. फौजेची नाहीतर इथली. जी जास्त ती. नियमच तसा होता, क्लार्क खोटं बोलला नव्हता. आय एवढंच म्हणाली, ‘मग त्येची एक नोकरी कुठं गेली?’ त्या टेबलावर कुणाकडं उत्तर नव्हतं.

अठरा वर्षांनी नियम बदलला. २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही कुटुंब पेन्शनी देय झाल्या. संरक्षण खात्याचं पत्र २०१३ च्या जानेवारीत निघालं. आयला कुणी कळवलं? कुणी नाही. बापाच्या पलटणीतल्या एका म्हाताऱ्यानं २०१५ ला एका लग्नात सांगितलं तेव्हा कळलं. मग कागद. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा जुना आदेश, मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा. फौजेच्या कागदात आयचं माहेरचं नाव, कचेरीच्या कागदात सासरचं. ही बाई तीच कशावरून? दोन वर्षं ती बाई स्वतःला ती बाई असल्याचं पटवून देत फिरली. स्टॅम्प पेपर, सरपंचाचा दाखला, फोटो. २०१७ ला पैसे आले, थकबाकी २०१२ पासूनची. १९९४ ते २०१२ चे अठरा वर्षांचे पैसे सरकारनं गिळले ते गिळलेच. कायद्यानं गिळले, पावती देऊन गिळले. आणि ह्याला म्हणे दोन पगार खाणाऱ्याचं घर!

अशा किती आया मधल्या काळात मेल्या असतील? त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही. कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणात ‘कुटुंब पेन्शन’ हा शब्द मी ऐकलेला नाही.

आता तुमचा सवाल घेतो. ‘पण बेकार पोरांचं काय? पेन्शन असलेल्यानं जागा कशाला घ्यायची?’ सवाल खोटा नाही. भुकेल्या पोराचा सवाल खोटा नसतो. पण पत्ता चुकलाय. केंद्रात माजी सैनिकांना गट क मध्ये दहा टक्के, गट ड मध्ये वीस टक्के कोटा ठेवला होता. महाराष्ट्रात पंधरा टक्के आहे. हा कोटा आडवा आहे. निवडलेला माजी सैनिक ज्या प्रवर्गातला, त्या प्रवर्गाच्या जागेवर त्याला बसवतात. म्हंजे अनुसूचित जातीचा फौजी अनुसूचित जातीच्या जागेवर. आणि वरच्या जातीचा फौजी खुल्या जागेवर. फौजीनं तुमची जागा खाल्ली म्हणता तेव्हा आपल्याच भावानं आपल्याच वाट्यातली जागा घेतली, एवढंच घडलेलं असतं. वाटा लहान का झाला ते विचारा. कायम जागा कंत्राटावर गेल्या त्या कुणी नेल्या? शिपाई, सफाईवाला, वॉचमन ह्या आपल्या हक्काच्या जागा एजन्सीला दिल्या, तिथं ना जातीचा कोटा, ना फौजेचा. त्या एजन्सीचा मालक कोण, हे शोधायला तुम्हाला अभ्यासिकेतून उठावं लागेल.

आणि दोन-दोन पेन्शनींचा एवढाच राग असेल तर वर बघा. पंजाबात २०२२ ला ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा करावा लागला. का? तोवर जितक्या वेळा आमदार तितक्या वेळा पेन्शनमध्ये भर पडायची. त्यांना कुणी पाच-पाच पगार खाणारा म्हणालं? त्यांना ‘ज्येष्ठ नेते’ म्हणतात.

शेवटी सगळ्यात मोठी गोष्ट. हे भांडण आता सरकारनं मुळातूनच मिटवत आणलंय. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या मुलकी नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर. फौजेला त्यातून वगळलं, पण फौजेतून येऊन मुलकी नोकरी धरणाऱ्याला नाही. त्याची इथली पेन्शन बाजाराच्या हवाली. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रानं नवी एकत्रित योजना आणली. त्यात पुरी पेन्शन पंचवीस वर्षांच्या नोकरीला. अडतीसला लागणारा फौजी साठीपर्यंत बावीस वर्षं भरतो. पुन्हा तीन वर्षं कमी. ही तीन वर्षं कुठं आहेत ते मी सांगतो. सियाचीनला, राजौरीला, नाहीतर तवांगला पडलीत.

आणि २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ आली. चार वर्षं नोकरी. शंभरातले पंचवीस ठेवणार, पंचाहत्तर घरी. हातात सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढं निमलष्करी दलात दहा टक्के जागा राखीव, असं २०२२ ला सांगितलं. म्हंजे उद्या कचेरीच्या स्टुलावर जो माजी सैनिक बसेल त्याला दोन पगार खातो असं कुणाला म्हणता येणार नाही. त्याच्याकडं पेन्शनच नसेल. त्याची पेन्शन कशी मोजायची हा प्रश्न सरकारनं पेन्शनच काढून घेऊन सोडवला. १९२१ ला पलटण मोडली होती. आता पलटण ठेवलीय, शिपाई मोडलाय. आणि तुम्ही टपरीवर जे वाक्य बोलत होता त्यानंच ह्या योजनेची जमीन नांगरून दिली. ‘फौजींना फार मिळतं’ हे लोकांच्या गळी उतरलं की काढून घ्यायला सोपं जातं. उद्या हेच वाक्य आरक्षणाबद्दल गळी उतरवतील. उतरवतायतच.

तेव्हा कामं सांगतो. घोषणा तुम्हाला येतात.

वस्तीत किती माजी सैनिक आणि किती फौजींच्या विधवा आहेत त्याची यादी करा. ज्यांचा नवरा दोन ठिकाणी राबला त्या प्रत्येकीला विचारा, दुसरी कुटुंब पेन्शन चालू आहे का? नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिला हाताला धरून न्या, आणि परत या म्हणाले तर पुन्हा न्या. जे अजून नोकरीत आहेत त्यांचं सर्व्हिस बुक बघा. बायकोचं नाव, जन्मतारीख, दोन्हीकडच्या कागदांत एकसारखं आहे का ते आत्ताच, माणूस जिवंत असताना तपासा. पेन्शनवरची महागाई वाढ चालू आहे का, पगार तळाला बांधल्याचा दाखला दिलाय का, विचारा. न दिल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. २००५ पासून तो कायदा आहे. दहा रुपयांत साहेबाला घाम फुटतो.

आपल्या अनियतकालिकांत कविता भरपूर छापल्या जातात. छापाव्यात. पण प्रत्येक अंकाच्या एका पानावर एक सरकारी आदेश साध्या मराठीत छापा. रामजी सुभेदारांच्या पोरानं घटना लिहिली. तुम्हाला निदान पेन्शनचा आदेश वाचता आला पाहिजे, आणि वाचून झाल्यावर तो कचेरीतल्या टेबलावर आपटता आला पाहिजे.

जयभीम.